बर्फ फळाचाच करा

मार्च संपत आला की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर हातगाड्यांची रांग वाढते. उसाचा रस, लिंबूसरबत, गोळा, चिरून ठेवलेलं टरबूज, आणि गेली काही वर्षं ‘मोहितो’ नावाचं एक हिरवंगार पेय. मोठा ग्लास, त्यात वरपर्यंत बर्फ, पुदिन्याची चार पानं, बाटलीतलं हिरवं सिरप आणि वरून सोडा. दारू नसते, म्हणून ते सोज्वळ समजलं जातं. लग्नाच्या स्वागतसमारंभातही पन्हं मागे पडलं आणि ‘वेलकम ड्रिंक’ म्हणून हेच रंगीत ग्लास फिरू लागले आहेत.

या पेयांवर माझा राग नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा ‘गार काही पिऊ नका’ असं सांगणारा डॉक्टर रुग्णांच्या मनातून उतरतो. (तो स्वतः घरी जाऊन काय पितो, हेही त्याला विचारायला हवं.) माझं म्हणणं एवढंच, की फळांचं बर्फाळ पेय घरी करावं, मनापासून प्यावं, पण त्यात बर्फ घालू नये. फळालाच बर्फ करावं. एवढ्या एका बदलानं बर्फाचं पाणी कुठलं हा प्रश्न मिटतो, साखर फारशी लागत नाही, आणि शेवटच्या घोटापर्यंत चव पातळ होत नाही. यातला शेवटचा मुद्दा जिभेचा आहे. पहिले दोन माझ्या खात्यातले.

आधी बर्फाचं बघू. कारखान्यात पत्र्याच्या उंच डब्यांत पाणी भरून ते डबे अतिथंड खारट पाण्याच्या हौदात सोडतात. त्यातून निघते ती लादी. ही लादी मासळी टिकवायला जाते, आणि नातेवाईक येईपर्यंत मृतदेह ठेवायलाही जाते. या कामांना पिण्याचं पाणी लागत नाही, लागायचं कारणही नाही. अडचण अशी, की तीच लादी गोणपाटात गुंडाळून, रस्त्याच्या कडेला टोच्यानं फोडून सरबताच्या ग्लासातही पडू शकते. म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून नियम आहे, की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग घातलेला असावा. नियम चांगला आहे. पण ग्लासातला बर्फ निळा नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कुणी रंग घातलाच नसेल तर तो पांढराच दिसणार. आणि कारखान्यातून शुद्ध निघालेला बर्फसुद्धा गाडीवर पोचेपर्यंत किती हातांतून आणि फडक्यांतून जातो, ते आपण रोज पाहतो.

‘पण साहेब, एवढ्या थंडीत जंतू जगतील का?’ हा प्रश्न मला शिकलेली माणसंही विचारतात. जगतात. प्रयोगशाळेत जंतू वर्षानुवर्षं जपून ठेवायचे असतात, तेव्हा ते गोठवूनच ठेवतात. गोठवल्यानं त्यांची वाढ थांबते, काही मरतात, पण उरलेले बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. काविळीचा ‘अ’ विषाणू तर गोठवण्याला अजिबात दाद देत नाही.

यातली खरी फसवणूक वेळेची आहे. दूषित पाण्यातून किंवा बर्फातून विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, जंतू पोटात गेले तर ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. ‘अ’ काविळीला सरासरी चार आठवडे, ‘ई’ काविळीला दोन ते आठ आठवडे. डोळे पिवळे झालेल्या मुलाच्या आईला मी विचारतो, ‘बाहेरचं काय खाल्लं होतं?’ ती आठवड्याभराचा हिशेब देते आणि त्यात काहीच सापडत नाही. मग ती म्हणते, ‘एकदा फक्त गोळा खाल्ला होता, पण त्याला आता महिना झाला.’ त्या ‘फक्त’मध्येच बहुतेक वेळा उत्तर असतं. लहान मुलाची ‘अ’ कावीळ सहसा आपोआप बरी होते. पण ‘ई’ कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर ती जिवावर बेतू शकते. घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर तिच्यासाठी बाहेरचा बर्फ पूर्ण बंद. याबाबतीत मी तडजोड करत नाही.

आता साखर. गोठवलेल्या गोड पेयात साखर दोन कामं करते आणि दोन्ही कामं तिला जास्त प्रमाणात मागवतात. पहिलं काम गोठणं रोखण्याचं. एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम साखर विरघळवली, की ते पाणी शून्य अंशाला गोठायला सुरुवात न करता उणे ०.८ अंशाच्या आसपास करतं. फरक किरकोळ वाटतो, पण खरी गंमत पुढे आहे. गोठताना आधी पाणी बर्फ होतं आणि साखर उरलेल्या पाण्यात दाटत जाते. ते पाणी जितकं दाट, तितकं गोठायला अवघड. म्हणून सगळं मिश्रण दगडासारखं न होता बर्फाचे कण पाकात तरंगत राहतात. यालाच मॉलमध्ये ‘स्लश’ म्हणतात. काचेच्या पेटीत गोल गोल फिरणारा निळा-लाल स्लश तसाच मऊ राहायला त्यात साधारण १२ ते १५ टक्के साखर लागते.

दुसरं काम चवीचं. गोडी ओळखणाऱ्या जिभेवरच्या पेशींमध्ये एक सूक्ष्म वाहिनी असते. ती उबेत जास्त उघडते, थंडीत कमी. म्हणून फ्रिजमधलं सरबत कोमट झालं की अचानक गोडमिट्ट लागतं. सरबत तेच असतं, आपली जीभ जागी झालेली असते. बर्फाळ पेय गोड लागायचं असेल तर त्यात कोमट पेयापेक्षा जास्त साखर घालावी लागते, आणि वर बर्फ वितळून चव पातळ होणार म्हणून आणखी थोडी. गाडीवाला सिरपची बाटली दोनदा का दाबतो, ते यातून कळेल. तो लबाडी करत नसतो, शरीरशास्त्र पाळत असतो.

साखर काढून टाकली तर काय होतं, याचा धडा ब्रिटनमध्ये मिळाला. तिथं २०१८ मध्ये साखरेच्या शीतपेयांवर कर बसला आणि उत्पादकांनी साखर कमी केली. पण साखरेविना स्लश गोठून घट्ट होतो. मग तो मऊ ठेवायला ग्लिसरॉल वापरलं जाऊ लागलं. ग्लिसरॉल हा खाद्यपदार्थांत चालणारा घटक आहे. मोठ्यांना त्याचा त्रास सहसा होत नाही. पण लहान मुलानं मोठा ग्लास घटाघटा संपवला, की शरीराच्या वजनाच्या मानानं ते फार होतं. २०२५ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा २१ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. स्लश प्यायल्यावर थोड्याच वेळात मुलं गुंगीत गेली, रक्तातली साखर घसरली. त्यानंतर तिथल्या अन्न यंत्रणेनं सात वर्षांखालच्या मुलांना ग्लिसरॉलचा स्लश देऊ नका, असं सांगितलं. आपल्याकडे यंत्रावर ‘शुगर फ्री’ अशी पाटी दिसली, तर घटकांच्या यादीत ग्लिसरॉल किंवा ४२२ हा क्रमांक आहे का ते बघा. यादी नसेल तर लहान मुलाला देऊ नका. साखर नसूनही ते मऊ आहे, म्हणजे गोठणं रोखणारं दुसरं काहीतरी त्यात आहे.

फळात मात्र ही सगळी व्यवस्था निसर्गानं आधीच करून ठेवलेली आहे. पाणी आहे, साखर आहे, आंबटपणा आहे, आणि पाण्याला धरून ठेवणारा तंतूंचा जाळीदार गरही आहे. पिकलेल्या कलिंगडात (आमच्याकडचं टरबूज म्हणजेच पुण्यामुंबईचं कलिंगड) ९१-९२ टक्के पाणी आणि ६-७ टक्के साखर असते. हापूस किंवा केशर यांत साखर दुपटीच्या आसपास, आणि गरही दाट. म्हणून गोठवलेला आंबा मिक्सरमधून काढला की आइस्क्रीमसारखा मऊ होतो, तर कलिंगड रवाळ, खुसखुशीत बर्फासारखं लागतं. गोठताना फळाच्या पेशींमध्ये बर्फाचे टोकदार स्फटिक तयार होतात आणि पेशींची भिंत फुटते. म्हणून गोठवलेलं कलिंगड वितळलं की लिबलिबीत होतं आणि खावंसं वाटत नाही. पण आपल्याला ते वितळू द्यायचंच नाही, त्यामुळे हा दोष इथं आड येत नाही.

करायचं असं. कलिंगड कापण्याआधी वरून वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुवा. साल खायची नसते, मग धुवायची कशाला, असं वाटतं. पण सुरी सालीतून आत जाते आणि सालीवरची माती गरापर्यंत घेऊन जाते. २०११ मध्ये अमेरिकेत दूषित खरबुजांमधून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला आणि ३३ माणसं दगावली. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतो. त्यामुळे फळ, सुरी, पाट आणि हात धुणं ही या पाककृतीची पहिली पायरी आहे. चिरून ठेवलेलं, उघड्यावरचं कलिंगड यासाठी विकत आणू नका.

गराचे इंचभराचे तुकडे करा, बिया काढा. स्टीलच्या ताटात तुकडे एकमेकांना चिकटणार नाहीत असे एका थरात मांडा आणि ताट फ्रीझरमध्ये ठेवा. रात्रभरात ते कडक होतात. मग झाकणाच्या डब्यात भरून ठेवले, की हवे तेव्हा हवे तेवढे सुटे निघतात. ताटात मांडण्याचा कंटाळा करून सरळ डब्यात भरले तर सकाळी एकच वीट मिळते आणि ती फोडायला खलबत्त्याचा दांडा शोधावा लागतो. डबा झाकणाचाच हवा. शेजारी मासळी किंवा मटण असेल तर त्याचा वास आणि त्याचं पाणी दोन्ही फळापासून लांब राहिलं पाहिजे.

दोन ग्लासांसाठी असे ३०० ग्रॅम तुकडे घ्या. बाहेर काढून पाच-सात मिनिटं थांबा, नाहीतर घरगुती मिक्सर अडकतो आणि जळका वास येतो. त्यात अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, आठ-दहा पुदिन्याची पानं आणि फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं पाणी पाऊण वाटीपेक्षा कमी. मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर पात्याच्या उष्णतेनं सगळं वितळतं आणि साधा रस होतो. रवाळ झालं की थांबा. गाळू नका. हवा तर चमचाभर भिजवलेला सब्जा घाला. साखर घालू नका. एका ग्लासात फळाची मिळून दहा ग्रॅमच्या आसपास साखर जाते. बाटलीतल्या कोलात तेवढी साखर १०० मिलिलिटरमध्येच असते आणि बाटली कुणी तेवढ्यावर थांबवत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवा असं सांगते. रस्त्यावरच्या एका ‘मोहितो’त हा कोटा सहज संपू शकतो.

पुदिन्याबद्दल दोन गोष्टी. एक, या पेयातला सर्वांत संशयास्पद घटक तोच आहे. जमिनीलगत वाढतो, वाटेत कुठल्या पाण्यानं धुतला कुणास ठाऊक, आणि कच्चाच खायचा असतो. पानं सुटी करून तीन-चार पाण्यांतून काढा. दुसरी, पुदिन्यानं गार वाटतं, गार होत नाही. त्वचेतल्या आणि तोंडातल्या नसांमध्ये थंडी ओळखणारा एक ग्राहक असतो. पुदिन्यातलं मेंथॉल नेमकं त्यालाच चेतवतं, आणि मेंदूला थंडीचा खोटा निरोप जातो. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोन शास्त्रज्ञांनी मेंथॉलच्याच मदतीनं स्वतंत्रपणे शोधला. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांवरच्या कामासाठी २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

मग बर्फाळ पेयानं शरीर खरंच किती गार होतं? हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. (ही भौतिकशास्त्रातली छोटी कॅलरी. आहाराच्या तक्त्यातली कॅलरी याच्या हजारपट.) २५० ग्रॅमच्या ग्लासात निम्मा बर्फ धरला, तर तो वितळायला आणि सगळं पेय ३७ अंशांपर्यंत यायला मिळून १९ किलोकॅलरी उष्णता शरीरातून जाते. माठातलं २० अंशांचं तेवढंच पाणी प्यायलं, तर चार-सव्वाचार. म्हणजे बर्फाळ पेय साडेचारपट गार करतं. ऐकायला भारी वाटतं. पण ३३ ग्रॅम घाम त्वचेवरून उडाला, तरी तेवढीच उष्णता जाते, आणि कडक उन्हात काम करणाऱ्याला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. शरीराचा खरा कूलर घामच आहे, ग्लास नव्हे.

तरी ग्लासाला किंमत आहे, आणि ती तुम्ही कुठं राहता त्यावर ठरते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दहा पुरुषांना ३४ अंशांच्या दमट हवेत दमेपर्यंत पळवलं. एकदा आधी थंड पाणी देऊन, एकदा तेवढाच भुसभुशीत बर्फ देऊन. बर्फ घेतल्यावर ते सरासरी ५० मिनिटं पळाले, पाणी घेतल्यावर ४० मिनिटं. नंतरच्या अभ्यासांतून एक मेख कळली. पोटात बर्फ पोचला, की तिथल्या नसा मेंदूला कळवतात आणि घाम कमी होतो. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत घाम आल्या आल्या उडतो, म्हणजे तो पुरेपूर कामाचा. तिथं बर्फानं दिलेलं घाम कमी झाल्यानं हिरावलं जातं. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता निथळतो. तिथं तो थोडा कमी झाला तरी तोटा नाही, बर्फाचा फायदा हाती राहतो. माठाचंही असंच आहे. आमच्याकडचा माठ पाणी गार करतो आणि कोकणातला नुसता घामेजतो, कारण दोघांचं शास्त्र एकच. दमट उष्मा किती घातक असतो, हे १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर दिसलं. पारा चाळिशीच्या आत होता, तरी उष्माघातानं माणसं गेली.

आजी म्हणते, ‘बर्फ उष्ण पडतो, खाल्ला की जास्त तहान लागते.’ तिला हसू नका. तहान भागल्याचा पहिला निरोप रक्तातून जात नाही, तोंडातून आणि घशातून जातो, आणि थंडी तो निरोप फार जोरात पाठवते. दोन-चार घोट बर्फाळ पेयातच तहान मेल्यासारखी वाटते, पण शरीरातली पाण्याची तूट तशीच असते. अर्ध्या तासानं तहान परत येते. त्यातून पेय गोडमिट्ट असेल तर आणखी लवकर. आजीचं कारण चुकीचं, निरीक्षण पक्कं. उन्हातून आलेल्या माणसाला आधी माठातलं एक-दोन ग्लास पाणी द्या आणि मग बर्फाळ ग्लास. क्रम उलटा केला तर तो पाणी पिणारच नाही. (सर्दीचं मात्र आजीला समजावून सांगा. ती विषाणूनं होते, थंड खाल्ल्यानं नाही. घाईनं प्यायल्यावर कपाळात जी कळ जाते, ती टाळूच्या रक्तवाहिन्यांना बसलेल्या थंडीची. मिनिटभरात जाते. जीभ टाळूला लावून धरावी.)

हीच तहान मारणारी थंडी आम्ही डायलिसिसच्या रुग्णांसाठी वापरतो. त्यांना दिवसाचं पाणी मोजून असतं. अशा रुग्णानं साध्या पाण्याच्या बर्फाचा छोटा तुकडा चघळला, तर दोन चमचे पाण्यात बरीच तहान भागते. मात्र याच रुग्णांना फळांचं बर्फाळ पेय देऊ नये. फळात पोटॅशियम असतं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, निकामी झालेलं टाकू शकत नाही, आणि रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक दगावू शकतो. कलिंगडात शंभर ग्रॅमला साधारण ११० मिलिग्रॅम, खरबुजात त्याच्या दुपटीहून जास्त, शहाळ्याच्या पाण्यात साधारण २५०. ‘शहाळं तर चांगलं असतं’ म्हणून पाहुणे नेमकं तेच घेऊन येतात. क्रिएटिनिन वाढलेला रुग्ण घरात असेल, तर त्याचा ग्लास डॉक्टरांना विचारूनच भरा.

मधुमेह असलेल्यांनी कलिंगडाचा छोटा, दीडशे मिलिलिटरचा ग्लास जेवणाबरोबर न घेता मधल्या वेळी घ्यावा. आंब्याचा नको. गूळ घातला म्हणजे मधुमेहात चालतं, हा गैरसमज मी तीस वर्षं ऐकतो आहे. रक्ताला गूळ आणि साखर यांत फारसा भेद कळत नाही. तसंच काळं मीठ किंवा सैंधव घातलं म्हणजे रक्तदाबाला चालतं, हाही. दोन्ही मुख्यतः मीठच आहेत.

दारूचं एका वाक्यात सांगतो. मेंदूतलं एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतं, दारू तेच संप्रेरक दाबते, म्हणून उन्हाळ्यात थंडगार बिअरनं तहान भागली असं वाटत असताना लघवीवाटे पाणी बाहेर जात असतं.

आणि एक इशारा. ताप १०४ च्या वर, बडबड, झटके किंवा गुंगी असा उष्माघाताचा माणूस समोर असेल, तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावा आणि १०८ ला फोन करा. बाजारातली लादी इथं अगदी चालते. जुलाब-उलट्या होत असतील तेव्हाही सरबत नको. क्षारसंजीवनी, म्हणजे ओआरएस द्या. त्यात लिटरला १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं. ते आतड्यातून मिठाला आणि पाण्याला आत ओढून घेतं. सरबतातली साखर याच्या कितीतरी पट असते आणि ती उलट पाणी आतड्यात खेचते.

पन्ह्याचा बर्फही असाच करता येतो, आणि मला तो कलिंगडापेक्षा जास्त आवडतो. दोन मध्यम कैऱ्या उकडून पाऊण ते एक वाटी गर काढा. आपल्या जुन्या पद्धतीत गराच्या दुप्पट गूळ पडतो. मी १०० ग्रॅमवर थांबतो. अर्धा चमचा मीठ, वेलची, आवडत असेल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड. उकळून गार केलेलं पाणी घालून एकूण एक लिटर करा. हे मिश्रण पसरट डब्यात दोन बोटं उंचीपर्यंत ओतून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कडेनं गोठू लागलं, की दर अर्ध्या तासानं काट्यानं खरवडा. तीन-चार वेळा खरवडल्यावर मोठे स्फटिक होत नाहीत आणि पन्हं चमच्यानं उचलता येईल असं भुसभुशीत होतं. सहा ग्लास होतात, प्रत्येकात साधारण तीन-चार चमचे गूळ. यापेक्षा कमी गूळ घातलात तर ते दगडासारखं गोठेल. का, ते वर आलंच आहे.

कोकमाचं करायचं असेल, तर बाटली आधी वाचा. ‘अमृत कोकम’ असेल तर त्यात साखरेचा पाक असतो, चार-पाचपट पाणी घालूनच गोठवा. ‘आगळ’ असेल तर ते मिठातलं असतं, साखर वेगळी लागेल, आणि घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर आगळ चमच्यानं मोजूनच घाला.